नत्थूजींचं न उघडलेलं पत्र

सकाळचे साडेआठ झाले होते. एका शेगडीवर तुरीचं वरण, दुसरीवर तवा, आणि आमचे श्रीधर न्हाणीतून बाहेर येऊन टॉवेल कुठे ठेवला म्हणून मला विचारत होते. टॉवेल त्यांच्या खांद्यावरच होता. तेवढ्यात दाराची कडी वाजली.

आमच्या दाराला बेल आहे. तरी कडी वाजवणारा माणूस पिपरी मेघेच्या आमच्या गल्लीत एकच, नत्थूजी. त्यांचं म्हणणं, लाइन गेली की बेल मुकी होते, कडी होत नाही. दोनदा वाजवायची आणि दारापासून दोन पावलं मागे सरून उभं राहायचं, ही त्यांची नोकरीतली सवय. त्या दिवशी मात्र मी दार उघडलं तर ते उंबरठ्याला लागून उभे होते.

म्हणाले, मशीन अडकली. परवा रात्रभर ती आपल्याच मनाने काहीतरी नवीन चढवून घेत होती, पडद्यावर टक्के वाढत होते, बंद करू नका असं लिहिलेलं होतं म्हणून त्यांनी हात लावला नाही. तेव्हापासून मेलचा प्रोग्राम उघडतो आणि गोठून बसतो. मी म्हटलं, डबा भरून देते, कामं आवरते आणि दुपारून येते. एरवी त्यांनी मान हलवली असती आणि निघाले असते. त्या दिवशी हलले नाहीत.

"त्यात अन्नपूर्णाबाईचं पत्र हाय, ताई," ते म्हणाले. "दोन वर्षं झाली, उघडलं नाई. काल त्याईची तेरवी झाली."

मी गॅस बारीक केला. अन्नपूर्णाबाई कोण ते मला ठाऊक नव्हतं. पण दोन वर्षं पत्र न उघडणारे नत्थूजी, हे मला पटेना. कारण आलेलं पत्र त्याच दिवशी पोचवायचं, ह्यापलीकडे त्या माणसाला दुसरा धर्म नव्हता.

नत्थूजींनी अडतीस वर्षं टपाल वाटलं. केळझरच्या पलीकडच्या पाच गावांची थैली सायकलला अडकवून ते रोज फिरले. निवृत्त झाले, बायको गेली, गावातलं घर भावाला सोडलं आणि इथे आमच्यामागच्या गल्लीत दोन खोल्या करून राहिले. पण हाताला सवय होती, ती कुठे जाणार? एका शाळेने जुने कॉम्प्युटर काढले, त्यातला एक त्यांनी घेतला. कोणाकडून तरी मेल शिकले. आणि मग, कोणी सांगितलं नसताना, त्यांनी पुन्हा डाकघर उघडलं.

आमच्याकडे धुण्याभांड्याला येणाऱ्या बाया, बांधकामावरची माणसं, भाजीचे ठेले लावणारे, ह्यांना प्रत्येक फॉर्मवर ईमेल मागतात. ही सगळी मंडळी नत्थूजींचा पत्ता टाकू लागली. मुलींची परीक्षेची हॉल तिकिटं, विजेच्या नोटिसा, कुठल्या अर्जाचा नंबर, सगळं नत्थूजींच्या मशीनमध्ये उतरायचं. ते सगळं छापायचे, मजकूर आत जाईल अशी घडी घालायचे, पिन मारायचे, वर नाव लिहायचे आणि सायकल काढायचे. मजकूर वाचायचे नाहीत. प्रिंटर अडकला की मला बोलावणं यायचं. लग्नाआधी मी कॉम्प्युटरचा वर्षभराचा कोर्स केलेला, त्याचा एवढाच काय तो उपयोग. एकदा मी चेष्टेने म्हटलं होतं, नत्थूजी, एवढं छापता, एखादं तरी चोरून वाचत असाल. त्यांना ते लागलं. डाकियानं नाव वाचाचं, कागद नाई, म्हणाले. आठ दिवस माझ्याशी सरळ बोलले नाहीत.

दुपारी मी गेले तेव्हा मशीन सुरूच होती. खुर्ची माझ्यासाठी पुसून ठेवलेली. प्रोग्राम उघडला. डावीकडे फोल्डरांची नावं आली, मधे पांढरं, आणि ते गोल गोल फिरणारं चक्र. वर कंसात, प्रतिसाद देत नाही. टास्क मॅनेजरमधून मारला, पुन्हा उघडला, पुन्हा तेच. मशीन बंद करून सुरू करू म्हटलं, तर मी माऊस हलवायच्या आत नत्थूजींनी भिंतीवरच्या बोर्डाचं बटन बंद केलं. मी म्हटलं, अहो, असं बंद करतात का? ते म्हणाले, सहा वर्षं मी असंच करून राह्यलो, मशीनची काही तक्रार नाई.

ती म्हातारी मशीन नवीन बोजा घेऊन जागी व्हायला दहा-बारा मिनिटं घ्यायची. अशा तीन-चार फेऱ्या झाल्या. त्या वेळात, तुकड्यातुकड्याने, पडद्याकडे बघत, त्यांनी मला ती गोष्ट सांगितली.

अन्नपूर्णाबाई त्यांच्या पाच गावांपैकी एका गावची सून. माहेर आर्वीकडचं. अठ्ठावीस-तीस वर्षांपूर्वीची गोष्ट, त्यांच्या नणंदेचं लग्न होतं. मांडव पडलेला, हळद कालवलेली, आणि नत्थूजींच्या थैलीत अन्नपूर्णाबाईंच्या नावाचं एक कार्ड. कार्डाचा कोपरा फाटलेला.

आता आपल्याकडे कोपरा फाडलेलं कार्ड म्हणजे काय, हे कोणाला सांगावं लागत नाही. असं कार्ड घरातही नेत नाहीत, दारात वाचून फाडून टाकतात. नत्थूजींनी नाव वाचलं, कोपरा पाहिला आणि ओळखलं, बाईच्या माहेरचं कोणीतरी गेलं. गेलेला माणूस काही परत येत नाही. आज कार्ड दिलं तर हळदीच्या घरात रडारड होईल, पोरीच्या लग्नाला सुतक लागेल. लग्न आटोपू द्यावं. असं जुने डाकिये करायचे, आणि लोक नंतर त्यांचे उपकार मानायचे. नत्थूजींनी कार्ड दोन दिवस थैलीच्या आतल्या कप्प्यात ठेवलं. मजकूर वाचला नाही. उघडं कार्ड, हातात धरलं की अक्षरं दिसतात, तरी नाही वाचलं.

तिसऱ्या दिवशी, वरात गेल्यावर, नेऊन दिलं. कार्डावर लिहिलं होतं, आई फार आजारी आहे, तुझं नाव घेते, पत्र मिळताच निघ. कोपरा कोणी फाडला नव्हता. थैलीत घासून फाटला होता.

अन्नपूर्णाबाईंनी कार्ड उलटं केलं आणि विचारलं, कधी आलं होतं हे? नत्थूजींना काही बोलावं लागलं नाही. त्यांनी स्वतःच्या हाताने मारलेला तारखेचा ठसा कार्डावर होता. बाईंनी तो पाहिला, त्यांच्याकडे पाहिलं आणि आत गेल्या. दुपारच्या एसटीने आर्वीला पोचल्या तेव्हा आईला जाऊन एक रात्र झाली होती.

"शिव्या देल्या असत्या तर बरं झालं असतं," नत्थूजी म्हणाले. "नवऱ्याले सांगतलं असतं, साहेबाकडे अर्ज केला असता. कोणाले काही नाई सांगतलं. मी रोज त्या दारावरून जायचो. पाणी विचारत, च्या विचारत. त्याबद्दल एक शब्द नाई."

पुढे ते घर नागपूरला गेलं. आणि दोन वर्षांपूर्वी एक दिवस, हॉल तिकिटांच्या आणि नोटिसांच्या मधे, नत्थूजींच्या स्वतःच्या नावाचा मेल आला. पाठवणाऱ्याचं नाव मुकेश, अन्नपूर्णाबाईंचा मुलगा. विषयात लिहिलेलं, आईकडून. आयुष्यात त्यांना आलेली पत्रं हाताच्या बोटांवर मोजण्याएवढी, त्यातलं हे एक. त्यांनी ते उघडलं नाही. ठळक अक्षरांत ते रोज डोळ्यांपुढे येऊ लागलं, तेव्हा त्यांनी ते ट्रॅशमध्ये सरकवलं. ट्रॅशला ते रद्दी म्हणायचे. पोचवून झालेले सगळ्यांचे मेल तिथेच जायचे. रोज रात्री रद्दीत डोकावून बघायचे, आहे का. असायचं. मग बोर्डाचं बटन बंद करून झोपायचे.

मी विचारलं, का नाही वाचलंत? ते म्हणाले, वाचलं असतं आणि त्यात माफी नसती, तर मग कोणाकडे जाऊ? आता बाई नाईत. आता वाचाले पाह्यजे.

चौथ्या फेरीला मी प्रोग्राम सेफ मोडमध्ये उघडला, त्याला जोडलेले बाकीचे छोटे प्रोग्राम बंद करून. पाच मिनिटं चक्र फिरलं आणि थांबलं. फोल्डर उघडले. आणि अडकण्याचं कारणही दिसलं: ट्रॅशमध्ये चौदा हजार मेल साचलेले. नवीन सिस्टिमवर प्रोग्राम सुरू झाला की पहिल्यांदा ते सगळे मोजायला बसत होता आणि तिथेच दम सोडत होता.

मी ट्रॅशवर आले. चौदा हजार फिक्या ओळींमधली एकच ठळक ओळ शोधायला वेळ लागला नाही. त्या ओळीवर बोट पडलं आणि खालच्या चौकोनात पत्राची सुरुवात आली: नत्थूभाऊंना नमस्कार. हे मी स्वतः लिहीत आहे, मुलाला दाखवलेलं नाही. त्याखाली अजून काही होतं, पण पांढरंच राहिलं, उतरायला वेळ घेत होतं.

मी म्हटलं, नत्थूजी, आलं. बसा इथे.

ते आले नाहीत. चूल असलेल्या खोलीच्या दारात उभे राहिले. चष्मा काढून हातात घेतला. म्हणाले, आत्ता नको. आधी मशीन पुरी सुधरवून द्या. मग मी आंघोळ करतो, दिवा लावतो, निवांत वाचतो. तुम्ही च्या घ्या. आणि चहा ठेवायला आत गेले.

तेव्हा मी हट्ट करायला हवा होता. निदान ते पान छापून ठेवायला हवं होतं. पण दुसऱ्याच्या पत्रासमोर बसून राहायची मला लाज वाटली, मी दुसरीकडे पाहिलं. सेफ मोडचं काम झालं होतं. आता रीतसर बंद करून रीतसर उघडायचा, म्हणजे झालं, असं मला शिकवलेलं होतं, आणि तेच मी केलं. मेन्यूत गेले आणि प्रोग्राम बंद केला.

खाली डाव्या कोपऱ्यात बारीक इंग्रजीत एक ओळ आली, ट्रॅश रिकामी करत आहे. मी ती वाचली. अर्थ डोक्यात शिरला तेव्हा माझा हात भिंतीवरच्या बोर्डाकडे गेला, पण बटनापर्यंत पोचायच्या आत खिडकी मिटली होती.

प्रोग्राम पुन्हा उघडला. आता तो एका क्षणात उघडला. सुसाट. ट्रॅशवर गेले. तिथे काही नव्हतं.

कसं झालं ते मला सेटिंगमध्ये सापडलं. बंद करताना ट्रॅश रिकामी करा, ह्या ओळीपुढे बरोबरची खूण. ती नत्थूजींनीच पहिल्या दिवशी करून घेतली होती, दिवस संपला की थैली रिकामी झाली पाहिजे म्हणून. पण सहा वर्षांत त्यांनी प्रोग्राम एकदाही बंद केला नव्हता. भिंतीवरचं बटन बंद केलं की मशीन जागच्या जागी मरते, तिला काही रिकामं करायला सवड मिळत नाही. त्यांच्या त्या चुकीच्या सवयीने पत्र दोन वर्षं जगलं होतं. सरळ रीतीने बंद करणारी मी पहिलीच.

नत्थूजी चहा घेऊन आले. झालं का, म्हणाले. मी म्हटलं, अजून थोडं आहे, मशीनचा डबा घरी नेते. त्यांनी स्वतः वायरी काढून दिल्या, डब्याला जुनं धोतर गुंडाळलं आणि माझ्यासोबत येऊन तो आमच्या दारात आणून ठेवला.

तीन दिवस मी खटपट केली. आधी मेल कंपनीच्या साइटवर जाऊन पाहिलं. तिथे काहीच नव्हतं. एकदा पत्र घरी पोचलं की डाकघराने त्याची नक्कल ठेवू नये, असं नत्थूजींचं मत, आणि त्यांनी तसंच सेटिंग करून घेतलं होतं. मग डबा घेऊन वर्ध्याला एका माणसाकडे गेले, पुसलेलं परत काढून देतो म्हणायचा. त्याने रात्रभर मशीन चालवली. सकाळी मला तुकडे दाखवले. कुणाच्या हॉल तिकिटावरचा अर्धा फोटो, विजेच्या नोटिशीच्या चार ओळी, कुठल्याशा भरतीची यादी. दुसऱ्यांची पत्रं अशी फाटून समोर येत होती आणि मी एकेक बघत होते. ते पत्र त्यात नव्हतं. तो म्हणाला, नवीन सिस्टिम चढली आहे ताई, ती सारखी लिहीत असते, नेमकी त्याच जागेवर लिहून बसली असेल.

शेवटी मी मुकेशचा नंबर मिळवला. घरी सुतक नुकतंच फिटलेलं, आणि मी कोण कुठली त्यांना पत्र विचारणार. पण ते नीट बोलले. आईने दार लावून, टॅबला बोलून बोलून चार दिवस ते पत्र लिहिलं होतं, म्हणाले. टॅब त्यांच्या ऑफिसचा, मेलचं खातंही ऑफिसचं. मागच्या वर्षी ती नोकरी सुटली, टॅब परत केला, खातं बंद झालं. मी विचारलं, आईंनी नंतर कधी काही सांगितलं का, काय लिहिलं होतं? ते म्हणाले, सांगितलं नाही. पहिले काही महिने रोज विचारायची, उत्तर आलं का. मग विचारणं सोडलं.

ही शेवटची गोष्ट मी नत्थूजींना सांगितलेली नाही. सांगणारही नाही.

बाकीचं सगळं सांगायला मी शनिवारी दुपारी गेले. डबा श्रीधरनी उचलून आणला आणि टेबलावर ठेवून ते बाहेर निघून गेले, त्यांना असं काही बघवत नाही. मी वायरी जोडल्या. मशीन सुरू केली, प्रोग्राम उघडला. नत्थूजी आंघोळ करून बसले होते. धुतलेला सदरा. देवापुढे दिवा.

मी न थांबता सांगितलं. कशी खूण होती, मी कसा प्रोग्राम बंद केला, कुठे कुठे शोधलं. माझी चूक झाली, म्हटलं.

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. इनबॉक्समध्ये चार नवीन मेल आले होते, कोणाकोणाचे.

"कोणत्या दिवशी गेलं ते?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, बुधवारी.

"आज शनवार," ते म्हणाले.

मी तीन दिवस त्यांच्या दारावरून दूध आणायला गेले होते, भाजी आणायला गेले होते. त्यांनी दोनदा हाक मारून विचारलं होतं, आणि मी, चालू आहे, म्हणाले होते.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर मला घरी जाऊन रडता आलं असतं. उठले, दिवा शांत केला. चारही मेल छापले, घड्या घातल्या, पिना मारल्या, नावं लिहिली. एका घडीवरचं नाव लिहिताना पेन थांबलं. मग पुन्हा चाललं. मी निघायला उठले, तर म्हणाले, बसा. आणि विचारलं, तुम्ही नक्की काय पाहिलं होतं. त्या दिवशी, उघडलं तेव्हा.

मी म्हटलं, दोनच ओळी.

त्या सांगितल्या नाहीत मी. ओठावर आल्या, आणि त्यांच्यासोबत आणखीही बरंच ओठावर आलं. तिसरी ओळ मला सहज लिहिता आली असती. मी ती अगदी अन्नपूर्णाबाईंच्या आवाजात ऐकू शकत होते, जो आवाज मी कधी ऐकलेला नाही. काय बिघडलं असतं? बाई गेल्या, मुलाने वाचलेलं नाही, मशीनमध्ये काही नाही. ह्या म्हाताऱ्याला रात्री झोप तरी लागली असती. मला वाटतं माझ्या तोंडावर ते दिसलं असावं. अडतीस वर्षं लोकांची तोंडं पाहत पत्रं वाटलेला माणूस तो.

त्यांनी छापायच्या गठ्ठ्यातला एक कोरा कागद काढला, माझ्यासमोर सरकवला आणि त्यावर आपलं पेन ठेवलं.

"दोन ओळी पाह्यल्या, तं दोनच लिहून द्या," ते म्हणाले. "तुमच्या मनचं त्यात काही घालू नका."